मनाचे वय कोणी मोजले?

(बौद्धिक दिव्यांग मुलांच्या पालकांच्या अहिल्यानगर येथील मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



माझा व्यवसाय वृत्तपत्राचा. इतरांच्या चुका शोधणे, त्या छापणे आणि वर त्यांना चार उपदेशाचे शब्द सुनावणे, यात माझी सारी उमेद गेली. आज मात्र मी आपल्यापुढे उभा आहे तो माझी स्वतःची एक चूक सांगण्यासाठी. ती मी कोणत्याही वृत्तपत्रात छापली नाही. आपण सारे या विषयात माझ्यापेक्षा अधिक जाणते आहात, कारण मी ज्याविषयी बोलणार आहे ते आपण रोज जगता. म्हणूनच येथे बोलताना मला संकोचही वाटतो आणि धीरही येतो.

माझी धाकटी बहीण याच जिल्ह्यात, श्रीरामपूरच्या बाजूला एका साखर कारखान्याच्या वसाहतीत राहते. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, डाउन सिंड्रोम घेऊन जन्माला आला. त्याचे नाव मी सांगणार नाही. तो आता बावीस वर्षांचा आहे आणि आपल्याविषयी चारचौघांत काय बोलले जाते याची त्याला चांगलीच चाड आहे. त्याला विचारूनच मी ही हकीकत सांगत आहे.

तो सोळा वर्षांचा असतानाची गोष्ट. वसाहतीतील बरोबरीची मुले त्याला पाहून एक तर बाजूला होत, नाही तर त्याच्या बोलण्याची नक्कल करीत. शेजारच्या घरात बारावीला शिकणारी एक मुलगी होती. सकाळी सायकल बाहेर काढताना ती रोज क्षणभर थांबे आणि विचारी, "काय रे, चहा झाला का?" एवढेच. पण सोळा वर्षांत घराबाहेरच्या कोणी त्याला रोज, न चुकता, त्याचे उत्तर ऐकण्यासाठी प्रश्न विचारला असेल तर तो हाच.

बहिणीच्या परसात राहात्याहून आणलेल्या कलमाचा पेरू आहे. एके दिवशी पहाटे त्याने एक पिकलेला पेरू काढला आणि त्या मुलीच्या सायकलीच्या कॅरिअरला लावून ठेवला. मग हा नित्यनेमच झाला. पहाटे उठायचे, आंघोळ करायची, केसांना तेल लावून आरशासमोर उभे राहून भांग पाडायचा, शर्ट पँटमध्ये खोचायचा आणि पेरू ठेवून दारात उभे राहायचे. आईने शंभरदा सांगूनही जो मुलगा भांग पाडीत नसे, तो आता न सांगता पाडू लागला.

ती मुलगी आधी हसून पेरू घेई. पुढे तिच्या मैत्रिणींनी तिला चिडवण्यास सुरुवात केली आणि ती ओशाळी झाली. तिचे वडील सज्जन गृहस्थ. ते माझ्या बहिणीकडे आले आणि म्हणाले, "ताई, राग मानू नका. पोरगा चांगला आहे, पण लोक बोलू लागले आहेत."

मी त्या वेळी दिवाळीसाठी बहिणीकडे गेलो होतो. घरातील शहाणा, लिहिणारा-वाचणारा माणूस म्हणून सल्ला देण्याचे काम अर्थातच माझ्याकडे आले. मी म्हणालो, "अगं, तो शरीराने सोळाचा असला तरी मनाने सात वर्षांचा आहे. प्रेमबिम त्याला काय कळणार? दोन दिवस दटाव, विसरून जाईल. अगदीच नाही ऐकले तर एखाद्या वसतिगृहात ठेव."

बहीण काही वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "दादा, त्याला काही कळत नसतं, तर तो रोज आरशासमोर भांग का पाडतो?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. तो दाराआड उभा होता आणि त्याने सारे ऐकले होते, हे आम्हांला नंतर कळले. दुसऱ्या दिवशी पहाटे तो उठला नाही. त्याने भांग पाडणे सोडले. पुढे कित्येक महिने तो पुढच्या दारात आला नाही. शेजारच्या घराकडे उघडणारी खिडकीही लावून घेऊ लागला. वर्तमानपत्रात मी आयुष्यभर लाखो शब्द लिहिले असतील. त्यातील कोणत्याही शब्दांनी कोणाचे इतके नुकसान केले नसेल, जितके माझ्या त्या दोन-तीन वाक्यांनी केले.

आकड्याचा अर्थ

'मनाने सात वर्षांचा' हे वाक्य मी कोठून आणले? मी ते त्याच्या तपासणीच्या कागदावर वाचले होते. आपणा सर्वांच्या घरी तसे कागद आहेत. जिल्हा रुग्णालयातील रांग, मानसतज्ज्ञाची चाचणी, मग बुद्ध्यंक आणि त्यावरून ठरणारी टक्केवारी. सवलतीसाठी, निवृत्तिवेतनासाठी, शाळेतील प्रवेशासाठी तो कागद लागतो. तो जरूर घ्यावा. पण त्या कागदावरील आकडा नेमके काय सांगतो, हे आपण कधी विचारले का?

पॅरिसमध्ये १९०५ साली आल्फ्रेड बिने आणि त्यांचे सहकारी सिमाँ यांनी बुद्धिमापनाची एक चाचणी तयार केली. हेतू इतकाच होता की शाळेत मागे पडणारी मुले ओळखावीत आणि त्यांना अधिक मदत मिळावी. वेगवेगळ्या वयांची सर्वसाधारण मुले कोणती कोडी सोडवू शकतात, किती शब्द आणि आकडे लक्षात ठेवू शकतात, यांवरून त्यांनी पायऱ्या ठरवल्या. आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात मराठी आणि कानडी मुलांसाठी तिचे रूपांतर केले. बिने-कामत चाचणी हे नाव आपल्यापैकी अनेकांनी अहवालावर वाचले असेल.

त्या चाचणीनुसार 'मानसिक वय सात' याचा अर्थ एवढाच, की सर्वसाधारण सात वर्षांचे मूल जितकी कोडी सोडवते तितकी या मुलाने सोडवली. त्याचे हृदय सात वर्षांचे आहे, असे ती चाचणी म्हणत नाही. म्हणूही शकत नाही. शेजारच्या मुलीने हाक मारली की कसे वाटते, हा प्रश्न त्यात नाही. खुद्द बिने यांनी बुद्धी ही कायमची ठरून गेलेली राशी आहे असे मानणाऱ्यांचा निषेध केला होता. आपण मात्र तो आकडा कपाळावरच्या रेषेसारखा मानला.

माझ्या भाच्याने सोळा दिवाळ्या पाहिल्या होत्या. आजोबांचा मृत्यू पाहिला होता, थोरल्या बहिणीच्या लग्नात करवल्यांच्या मागे धावला होता, बरोबरीची मुले दहावी होऊन पुढे जाताना आणि आपण तेथेच राहताना पाहिले होते. सात वर्षांच्या कोणत्या मुलाने हे सारे भोगलेले असते? डाउन सिंड्रोममध्ये एकविसाव्या गुणसूत्राची एक जास्तीची प्रत शरीरात असते. फ्रान्सच्या लेजून यांनी १९५९ साली हे दाखवून दिले आणि मातेचे पाप, ग्रहणात केलेली भाजी-चिराचिरी वगैरे खुळचट समजुतींचा पाया काढून घेतला. वैद्यकशास्त्र असेही सांगते की ही मुले-मुली साधारण इतरांच्याच वयात वयात येतात. मिसरूड त्याच वर्षी फुटते, मासिक पाळी साधारण त्याच सुमारास येते. मग मनानेच सात वर्षांवर का थांबून राहावे?

देवाचे लेकरू की धोका?

आपला समाज या मुलांकडे दोनच नजरांनी पाहतो. पहिली नजर म्हणते, हे देवाचे लेकरू, निरागस, त्याला कसली वासना आणि कसले प्रेम! दुसरी नजर त्याच मुलाला सोळाव्या वर्षी पाहून म्हणते, हा आता धोकादायक झाला, याला आत ठेवा. दोन्ही नजरा वरवर परस्परविरोधी दिसतात, पण दोहोंचा परिणाम एकच होतो. त्याला मित्र मिळत नाही. देवाला नैवेद्य दाखवतात, त्याच्याशी गप्पा मारीत नाहीत. आणि धोक्यापासून तर माणूस दूरच राहतो.

१९९१ साली संजय सूरकर यांचा 'चौकट राजा' आला. दिलीप प्रभावळकरांनी उभा केलेला नंदू आणि स्मिता तळवलकरांनी साकारलेली त्याची बालमैत्रीण पाहून महाराष्ट्र रडला. मीही रडलो. मनाने बालक राहिलेल्या माणसालाही जिव्हाळ्याची ओढ असते, हे त्या चित्रपटाने घराघरांत पोहोचवले. पण चित्रपटगृहाबाहेर आल्यावर आपल्या गल्लीतल्या नंदूला आपल्यापैकी किती जणांनी हाक मारली? पुढे २०१४ मध्ये 'येलो' हा चित्रपट आला. पुण्याची जलतरणपटू गौरी गाडगीळ हिच्या जीवनावर तो बेतलेला होता आणि त्यात तिने स्वतः काम केले. तिच्या जिद्दीला आणि तिच्या आईच्या कष्टांना शतशः प्रणाम. परंतु एक प्रश्न मनात राहतो. पदक मिळवले म्हणून आपण तिला स्वीकारले. ज्याला पोहता येत नाही, गाता येत नाही, ज्याच्या गळ्यात कधीच पदक पडणार नाही, त्याचे काय?

आपण अष्टावक्राचे उदाहरण देतो. जनकाच्या सभेत त्याच्या वाकड्या देहाला लोक हसले आणि त्याने आपल्या ज्ञानाने सर्वांना निरुत्तर केले. कथा थोर आहे. पण मित्रहो, अष्टावक्राला मान मिळाला तो बुद्धीमुळे. आपल्या मुलांकडे नेमकी तीच पुंजी तोकडी आहे. म्हणजे देह वाकडा असेल तर बुद्धी दाखवा, बुद्धी कमी असेल तर पदक दाखवा, अशी आपल्या स्वीकाराची अट आहे. विनाअट स्वीकार आपण कोणाचा करतो?

शिरूरचा धडा

या अटींचे टोक कोठवर जाते, याचे उदाहरण आपल्या शेजारीच घडले. घोड नदी ओलांडली की पुणे जिल्ह्यातील शिरूर लागते. तेथील मतिमंद मुलींच्या शासकीय आश्रयगृहातील काही मुलींची गर्भाशये फेब्रुवारी १९९४ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात शस्त्रक्रिया करून काढण्यात आली. कारण सांगण्यात आले ते मासिक पाळीच्या वेळच्या स्वच्छतेचे. या मुलींना पाळी सांभाळता येत नाही, त्यांच्यासाठी पुरेसा कर्मचारी वर्ग नाही, शिवाय अत्याचार झाला तर गर्भधारणेची भीती. महिला संघटना आणि वैद्यकीय क्षेत्रातील काही कार्यकर्ते रस्त्यावर उतरले, देशभर गदारोळ झाला आणि पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या.

त्या काळात अनेक पालकांनी त्या निर्णयाची बाजू घेतली होती, हे विसरता कामा नये. ते निर्दय नव्हते. थकलेले होते. मुलीची पाळी आली की दर महिन्याला आईचे काय होते, हे या सभागृहातील मातांना मी सांगण्याची गरज नाही. पण प्रश्न असा आहे, की गर्भाशय काढल्याने अत्याचाराची भीती जाते का? जाते ती अत्याचाराची खूण. अत्याचार करणाऱ्याला तर उलट अभय मिळते.

कायदा तेव्हापासून बराच पुढे आला आहे. २००९ साली सर्वोच्च न्यायालयासमोर चंडीगडच्या एका निराधार तरुणीचे प्रकरण आले. शासकीय संस्थेतच तिच्यावर अत्याचार झाला होता आणि ती गर्भवती होती. तिचे मानसिक वय नऊच्या आसपास असल्याचे सांगण्यात आले होते. तिला मूल हवे होते. व्यवस्थेला गर्भपात हवा होता. न्यायालयाने तिच्या इच्छेचा मान राखला. मनोरुग्णता आणि बौद्धिक अक्षमता या भिन्न गोष्टी आहेत, हेही त्या निकालात स्पष्ट झाले. पुढे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सांगितले, की दिव्यांग व्यक्तीच्या स्वतंत्र आणि समजून दिलेल्या संमतीविना तिला वंध्यत्व येईल अशी कोणतीही वैद्यकीय प्रक्रिया करता येणार नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आणखी एक प्रश्न आला. लहान मुलांच्या लैंगिक संरक्षणाचा २०१२ चा पॉक्सो कायदा मानसिक वयावरून प्रौढांना लावता येईल का? प्रकरण सेरेब्रल पाल्सी असलेल्या ३८ वर्षांच्या स्त्रीचे होते. न्यायालयाने सांगितले, वय म्हणजे जन्मापासूनचे वय. अर्थात अशा स्त्रीवरील अत्याचारासाठी इतर कठोर तरतुदी आहेतच. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की अठरा वर्षे पूर्ण झालेला आपला मुलगा किंवा मुलगी कायद्याच्या नजरेत बालक नाही. आपल्या नजरेत मात्र ती कायमची बालके आहेत.

शिकवायचे ते काय?

पालकांची भीती खोटी नाही. ही मुले भाबडी असतात, त्यांना फसवणे सोपे असते आणि फसवणारा बहुधा ओळखीचाच असतो. परंतु भीतीवर अज्ञान हा उपाय नव्हे. ज्या मुलीला शरीराच्या अवयवांची नावेच ठाऊक नाहीत, ती आपल्यावर काय गुदरले हे आईला कोणत्या शब्दांत सांगणार?

विशेष शाळांतील अनुभवी शिक्षिका एक साधी पद्धत वापरतात. कागदावर एकात एक वर्तुळे काढायची. सर्वांत आत मूल स्वतः. त्याबाहेर आई-वडील, भावंडे. यांना मिठी मारायची. त्याबाहेर मित्र-मैत्रिणी, यांच्याशी हस्तांदोलन, गप्पा. त्याबाहेर शेजारी, दुकानदार, यांना नमस्कार. सर्वांत बाहेर अनोळखी. माणसांची छायाचित्रे चिकटवून हे रोज, महिनोन्‌महिने, त्याच त्या शब्दांत शिकवावे लागते. आणि त्याचबरोबर आपणही वागणे बदलावे लागते. सोळा वर्षांच्या मुलाचे येणाऱ्या-जाणाऱ्याने गालगुच्चे घ्यायचे, त्याला मांडीवर बसवायचे, दार उघडे टाकून आंघोळ घालायची आणि एके दिवशी त्यानेच कोणा मुलीचा हात धरला की त्याला बदडायचे, हा कुठला न्याय? मर्यादा आपण शिकवलीच नाही. ती मोडल्याची शिक्षा मात्र केली.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. लग्न करून दिले की मुलगा सुधारेल, अशी समजूत आपल्या भागात अजून आहे. मग वस्तुस्थिती लपवून एखाद्या गरीब घरची मुलगी आणली जाते. तिला नवरा मिळत नाही. सासू-सासऱ्यांना विनावेतन परिचारिका मिळते. हे पाप आहे आणि कायद्यालाही ते मान्य नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने वधू-वरांची संमती देण्याची क्षमता ही अट घातली आहे. फसवून लावलेला विवाह न्यायालयातून रद्द होऊ शकतो. बौद्धिक अक्षमता सौम्य आहे, दोघांना एकमेकांविषयी जाणीव आहे, दोन्ही घरे पाठीशी आहेत, तेथे सहजीवनाचा विचार जरूर व्हावा, आणि तो त्या दोघांना विचारून व्हावा. विवाह हे औषध नव्हे आणि प्रेम हा आजार नव्हे.

नकाराचा मान

आता माझ्या भाच्याकडे परत येतो. माझ्या बहिणीने त्याला वसतिगृहात पाठवले नाही. तिने त्याच्या विशेष शिक्षिकेला घरी बोलावले. त्या बाईंनी सारे ऐकून घेतले आणि विचारले, "त्या मुलीने याला 'नको' म्हटलंय का?" बहीण म्हणाली, "ती कशाला म्हणेल? आम्हीच त्याला रागावलो." बाई म्हणाल्या, "मग त्याला खरं काय ते कोणी सांगितलंच नाही."

त्या मुलीची आणि तिच्या आई-वडिलांची समजूत काढून त्यांनी एका दुपारी सर्वांना एकत्र बसवले. मुलगी फार समंजस. तिने त्याच्या डोळ्यांकडे पाहून सांगितले, "तू माझा मित्र आहेस. पेरू छान होते. पण रोज सायकलला लावू नकोस, मला आवडत नाही. मी तुझ्याशी लग्न करणार नाही. रस्त्यात भेटलास तर मी तुझ्याशी बोलेन." चार-पाच वाक्ये. त्याने ती तीनदा म्हणवून घेतली. मग तो आत गेला आणि दोन दिवस रडला. त्या रडण्यात त्याला कोणी गप्प केले नाही. "ये, तुला चॉकलेट देते" असेही कोणी म्हटले नाही. आई नुसती जवळ बसून राहिली.

तिसऱ्या दिवशी तो पुढच्या दारात आला.

मी यावर फार विचार केला आहे. सोळा वर्षांत त्याच्यावर कोणी रागावले असेल, कोणी हसले असेल, कोणी कीव केली असेल. पण बरोबरीच्या माणसाला देतात तसा सरळ, सभ्य नकार त्याला आयुष्यात प्रथमच मिळाला होता. आपल्यापैकी प्रत्येकाने तारुण्यात कधी तरी असा नकार पचवला आहे आणि त्यातूनच आपण मोठे झालो. प्रेम करण्याचा अधिकार असे आपण म्हणतो, तेव्हा त्यात सन्मानाने नाकारले जाण्याचा अधिकारही आला. या मुलांना दुःख होऊ नये म्हणून आपण त्यांना जगूच देत नाही. दुःख टाळून कोणी मोठे होत नाही.

सहकाराची भूमी

मग अशा मुलांनी मन लावायचे कोठे? नाशिकच्या रजनीताई लिमये यांनी स्वतःच्या मुलाच्या निमित्ताने हा प्रश्न अंगावर घेतला आणि १९७७ मध्ये प्रबोधिनी ट्रस्टची शाळा उभी केली. मुंबईत १९४४ साली सुरू झालेली जय वकील शाळाही एका मुलीच्या आई-वडिलांनीच काढली. म्हणजे वाट पाहत न बसता आई-बापांनीच वाट काढली. २०११ च्या जनगणनेत देशात पंधरा लाखांहून अधिक बौद्धिक दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. नोंद न झालेल्या वेगळ्याच. एवढ्यांना शासन एकट्याने पुरे पडणार नाही.

आणि हा तर सहकाराचा जिल्हा आहे. विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा करून प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हा एकेकट्या शेतकऱ्याला जे अशक्य होते ते एकत्र येऊन शक्य झाले. या मुलांच्या सोबतीचाही असा सहकार का नसावा? प्रत्येक तालुक्याच्या गावी आठवड्यातून एक संध्याकाळ. एखाद्या मंदिराचे सभागृह किंवा शाळेची खोली. अठरा-वीस वर्षांची ही मुले-मुली तेथे जमतील, गाणी लावतील, चहा करतील, भांडतील, रुसतील. दोन पालक पाळीने तेथे थांबतील आणि शक्यतो कमी बोलतील. खर्च फारसा नाही. 'आमच्यानंतर काय?' हा प्रश्न आपल्याला रात्री झोपू देत नाही, आणि त्यासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने पालकत्वाची सोय केली आहे, तिचा लाभ घ्यावाच. पण 'आज संध्याकाळी काय?' हा त्या मुलाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर आपल्याच हाती आहे.

आपण आपल्या कुटुंबव्यवस्थेचा अभिमान बाळगतो आणि तो योग्यच आहे. या मुलांना रस्त्यावर न सोडता घरात सांभाळणाऱ्या लाखो माता याच व्यवस्थेने दिल्या. पण सांभाळणे आणि स्वीकारणे यांत अंतर आहे. लग्नकार्यात त्या मुलाला आतल्या खोलीत बसवणारे घर त्याला सांभाळते; मांडवात त्याच्या हाती अक्षता देणारे घर त्याला स्वीकारते.

आपल्या जिल्ह्यातच नेवासे आहे. परंपरा सांगते की संन्याशाची मुले म्हणून समाजाने दूर लोटलेली चार भावंडे शुद्धिपत्रासाठी पैठणला गेली. त्यांनाही एका प्रमाणपत्राशिवाय कोणी माणसांत घेत नव्हते! तेथून ती नेवाशाला आली आणि त्या खांबाला टेकून, शके १२१२ मध्ये, ज्ञानेश्वरीचा पाठ पूर्ण झाला. ज्याला समाजाने नाकारले त्याने शेवटी पसायदान मागितले, आणि त्यात साऱ्या जीवांसाठी परस्परांचे मैत्र मागितले. त्यासाठी बुद्ध्यंकाची अट घातली नाही. ते पसायदान आपण प्रत्येक कार्यक्रमाच्या शेवटी म्हणतो. आजही म्हणणार आहोत. म्हणताना एवढेच आठवावे, की आपल्या दारातला तो मुलगा नेमके तेच मागतो आहे.

शेवटचे सांगतो आणि थांबतो. माझा भाचा आता एका कार्यशाळेत जातो, कागदी पिशव्या करतो. तेथे त्याची एक मैत्रीण आहे; दोघे एकमेकांच्या डब्यातले खातात. पुढे काय होईल, मला ठाऊक नाही. गेल्या दिवाळीत मी त्याच्याजवळ बसलो आणि म्हणालो, "त्या वेळी मी तुझ्याविषयी चुकीचं बोललो होतो. तुला कळतं. मला माफ कर." तो बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला. मग उठला, आरशाजवळची फणी घेऊन आला आणि म्हणाला, "मामा, तुझा भांग वाकडा पडलाय."

आणि त्याने माझे केस विंचरून दिले.